संग्रहालयातला उजेड: वर्षभर मंद, की थोडे दिवस लख्ख?

गेरू

लघुचित्रांच्या दालनातून बाहेर पडणाऱ्या लोकांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "चित्रं सुंदर होती, पण आत एवढा काळोख कशाला?" मी चित्रकला शिकवतो. मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन संग्रहालयं फिरतो, त्यामुळे हे वाक्य कानावर पडतंच. तक्रार खरी आहे. पण त्या काळोखामागे एक गणित आहे आणि ते फार कमी लोकांना कोणी समजावून सांगतं. ते इथे मांडतो, आणि मग मला जो खरा प्रश्न वाटतो तो विचारतो.

प्रकाशाने रंग उडतात. हळदीचा डाग पडलेलं कापड उन्हात वाळत घातलं की डाग फिका होतो, हे घराघरात माहीत आहे. चित्रातही तेच घडतं, फक्त फार सावकाश. लाखेचे, किड्यांपासून काढलेले, झाडापानांपासून काढलेले रंग लवकर जातात. हरताळाचा पिवळासुद्धा उजेडात टिकत नाही. गेरू, काव, काजळ यांना फारसं काही होत नाही. फाटलेला कागद सांधता येतो, वाळवीने खाल्लेली चौकट बदलता येते, पण उडालेला रंग कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतले शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जे आकडे रूढ केले ते आजही बहुतेक ठिकाणी पाळले जातात. कागद, कापड, जलरंग यांच्यावर ५० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचं माप). तैलचित्रांवर २०० लक्स. दगड आणि धातू यांना बंधन नाही. दुपारच्या उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, त्यामुळे रस्त्यावरून थेट ५० लक्समध्ये शिरलेल्या माणसाला आंधळं झाल्यासारखं वाटणारच.

आता मुख्य मुद्दा. नुकसान हे उजेड किती आणि किती वेळ या दोन्हींच्या गुणाकारावर ठरतं. २०० लक्समध्ये एक तास आणि ५० लक्समध्ये चार तास, रंगाच्या दृष्टीने जवळजवळ सारखंच. म्हणून हिशेब लक्स-तासांत करतात. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ सालच्या मार्गदर्शनानुसार सर्वांत नाजूक रंगांना वर्षाला १५,००० लक्स-तास, मध्यम नाजूक रंगांना १,५०,००० आणि बऱ्यापैकी टिकाऊ रंगांना ६,००,०००.

हे मांडून बघा. दालन रोज ८ तास उघडं, वर्षाला ३०० दिवस, उजेड ५० लक्स. झाले १,२०,००० लक्स-तास. मध्यम नाजूक चित्राला चालेल. पण चित्रात लाखेचा लाल असेल तर १५,०००ची मर्यादा ३८व्या दिवशीच ओलांडली जाते, आणि तीसुद्धा त्या "काळोखात"!

तेव्हा चित्राच्या वाट्याला आयुष्यभरात ठरावीक उजेड येतो आणि तो कसा खर्चायचा हे आपण ठरवतो. तेच १,२०,००० लक्स-तास २०० लक्सने खर्च केले तर ७५ दिवस पुरतात. मला वाटतं, नाजूक चित्रं वर्षभर अंधारात टांगून कोणालाच नीट न दाखवण्यापेक्षा थोडे दिवस चांगल्या उजेडात दाखवावीत आणि उरलेलं वर्ष पेटीत विश्रांती द्यावी.

याला एक सुरेख उदाहरण आहे. हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० साली टर्नर या इंग्रज चित्रकाराची जलरंगचित्रं एडिनबराच्या संग्रहालयाला मिळाली ती एका अटीवर: ती फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तिथे त्या महिन्यात सूर्यप्रकाश फार क्षीण असतो. सव्वाशे वर्षं होऊन गेली, दर जानेवारीत लोक आवर्जून ती पाहायला जातात आणि रंग अजून ताजे आहेत. डब्लिनच्या संग्रहालयालाही त्याने अशीच चित्रं दिली, अशाच अटीवर.

तुमचं काय मत? आपल्याकडे हे चालेल का?

चष्मेवाली

धागा आवडला. मी ६८ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. ऑपरेशनच्या आधीची गोष्ट सांगते. एका संग्रहालयात पहाडी चित्रांचं प्रदर्शन होतं. नात मला सांगत होती, "आजी, झाडावर बघ किती छोटे पक्षी आहेत." मला झाडच नीट दिसत नव्हतं. खाली लिहिलेली माहिती करड्या कागदावर करड्या अक्षरांत. पन्नास लक्स कुणाच्या डोळ्यांसाठी ठरवले हा माझा प्रश्न आहे.

गेरू

काकू, अगदी मुळाला हात घातलात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. म्हणजे तुमच्या नातीला जे ५० लक्समध्ये दिसतं ते पाहायला तुम्हाला दीडशे लागतात. कॅनडाच्या संवर्धन संस्थेतले स्टीफन मिखाल्स्की यांनी हेच मांडलं आहे. ५० लक्स हा तरुण डोळ्याचा, फिक्या चित्राचा, ठळक तपशिलाचा आकडा. पाहणारा वयस्कर असेल तर तिप्पट करा, चित्र गडद असेल तर आणखी तिप्पट, तपशील बारीक असेल तर आणखी. आणि त्या बदल्यात चित्र कमी दिवस लावा. माझ्या मताला सर्वांत मोठा आधार हाच आहे. आपल्याकडे संग्रहालयात निवांत वेळ काढून येणारे बरेच जण निवृत्त असतात, आणि उजेड मात्र विशीतल्या मुलाच्या हिशेबाने ठेवलेला असतो.

माहितीफलकाबद्दल तर काही सबबच नाही. फलक काही तीनशे वर्षं जुना नसतो. तो चित्रापासून जरा दूर, पांढऱ्यावर काळा, मोठ्या अक्षरांत, वेगळ्या छोट्या दिव्याखाली लावता येतो.

तांबडा_निळा

मी दिव्यांच्या व्यवसायात आहे, म्हणून थोडी भर. सगळे लक्सवर बोलतात, पण उजेडाची प्रत त्याहून महत्त्वाची आहे. ५० लक्स चांगल्या दिव्याचे आणि ५० लक्स स्वस्त एलईडीचे यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो.

जुन्या हॅलोजन दिव्यात सगळे रंग सलग असतात, त्यामुळे त्याखाली रंग खुलतात. त्याचा दोष उष्णता, आणि गाळणी नसेल तर अतिनील किरण. एलईडीत अतिनील जवळपास नसतं आणि उजेडाच्या झोतात उष्णताही नसते, म्हणून जगभरची संग्रहालयं तिकडे वळली. लूव्रमध्ये मोनालिसाला २०१३ साली नवा एलईडी दिवा मिळाला, सिस्टाइन चॅपेलमध्ये २०१४ साली सुमारे ७,००० एलईडी बसवले. पण एलईडीचा पांढरा प्रकाश मुळात निळ्या प्रकाशावर पिवळ्या लेपाचा संस्कार करून बनवलेला असतो. स्वस्त दिव्यात तांबड्याची बाजू लंगडी पडते.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतील ते सांगणारा सीआरआय नावाचा आकडा खोक्यावर असतो, शंभरपैकी. तो फक्त आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. भडक तांबडा त्यात धरलेलाच नाही! त्यासाठी आर-९ नावाचा वेगळा आकडा मागून घ्यावा लागतो. सीआरआय ८० लिहिलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो. अशा दिव्याखाली हिंगुळाचा लाल विटकरी दिसतो, माणसांची कातडी आजारी दिसते. आपल्या लघुचित्रांत तांबडा किती असतो ते वेगळं सांगायला नको. संग्रहालयाने सीआरआय ९५च्या वर आणि आर-९ निदान ८०च्या वर असल्याशिवाय दिवा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. निविदेत मात्र बहुतेकदा फक्त वॅट आणि किंमत पाहतात.

दुसरं, कमी उजेड असेल तर तो जरा पिवळसर असावा. १९४१ मध्ये क्रुइटहॉफ या डच शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की मंद आणि निळसर उजेड माणसाला उदास वाटतो, मंद आणि उबदार असेल तर आवडतो. त्याच्या आलेखावर पुढे बरेच वाद झाले, पण दालनात उभं राहून पाहा, ५० लक्सला ३००० केल्विनचा दिवा बरा वाटतो, ५०००चा शवागारासारखा वाटतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर).

निळावंती

@तांबडा_निळा, एलईडीत अतिनील नसतं म्हणजे धोका संपला असं होत नाही ना? व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांमधला क्रोम यलो हा पिवळा रंग तपकिरी होत चालला आहे, त्यात अतिनीलबरोबर निळ्या प्रकाशाचाही हात असल्याचं वाचलं होतं.

तांबडा_निळा

बरोबर. व्हॅन गॉगने वापरलेल्या क्रोम यलोचे काही प्रकार, विशेषतः गंधक जास्त असलेला फिकट प्रकार, उजेडात काळवंडतात हे क्ष-किरणांच्या तपासणीतून दिसलं आहे. निळ्या टोकाचा प्रकाश जास्त ऊर्जा घेऊन येतो, म्हणून अतिनील काढलं तरी बाकीच्या उजेडाचा हिशेब ठेवावाच लागतो. आणि त्याच्याच शयनगृहाच्या चित्राचं बघा. पत्रांत तो भिंती फिकट जांभळ्या असल्याचं लिहितो. आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला लाल उडून गेला. आपण ज्याला व्हॅन गॉगचा निळा म्हणून डोक्यावर घेतो तो अर्धा उजेडाने बनवलेला आहे.

चार्ल्सकाठी

बॉस्टनहून. इथलं एक प्रकरण या धाग्यात यायलाच हवं.

मार्क रोथको या अमेरिकन चित्रकाराने १९६२-६३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठासाठी भित्तिचित्रं केली. ती हॉलिओक सेंटरच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात १९६४ मध्ये लावली गेली. त्या दालनाच्या खिडक्या छतापर्यंत. उन्हापासून वाचवायला पडदे होते, पण लोकांना बाहेरचं दृश्य हवं असायचं. रोथकोने किरमिजी रंगात लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य मिसळलं होतं, ते उन्हात अतिशय कच्चं. काही वर्षांत किरमिजी चित्रं फिकट निळी पडली, तीही ठिकठिकाणी वेगवेगळी. १९७९ मध्ये ती उतरवून कोठारात ठेवली.

त्यावर नवा रंग द्यायचा प्रश्नच नव्हता. २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने ती पुन्हा लावली आणि समोर प्रोजेक्टर ठेवले. १९६४च्या छायाचित्रांवरून मूळ रंग शोधले, आजच्या चित्राशी ताडून प्रत्येक बिंदूवर कोणत्या रंगाचा किती प्रकाश पडला म्हणजे चित्र मूळच्यासारखं दिसेल ते संगणकाने काढलं, आणि तेवढाच प्रकाश टाकला. चित्राला कोणी बोटही लावलं नाही. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद करायचे. मी ती वेळ साधून गेले होते. भरगच्च किरमिजी एका क्षणात ओसरला आणि समोर विटलेलं निळसर कापड राहिलं. लोक आधी गप्प झाले, मग एकदम बोलायला लागले.

माझ्या मनात तेव्हापासून प्रश्न आहे: चार वाजण्याआधी मी रोथको पाहत होते की प्रोजेक्टर? संग्रहालयाने दोन्ही दाखवलं म्हणून मला ते प्रामाणिक वाटलं. फक्त आधीचं दाखवलं असतं तर मला फसवल्यासारखं वाटलं असतं.

पडवी

वा, फार छान लिहिलंत! आता घरचं उदाहरण. सावंतवाडीचे एस. एल. हळदणकर यांचं दिवा धरलेल्या बाईचं चित्र. कॅलेंडरांवरून घराघरात गेलं, आणि कित्येक घरांत लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगात आहे, १९४५-४६च्या सुमाराचं, आणि चित्रासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या संग्रहात.

तिथे ते वर्षानुवर्षं एका अंधाऱ्या खोलीत लावलेलं असे. आत गेल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत काही कळत नाही. मग दिव्याचा उजेड दिसायला लागतो, दिव्याला आडोसा देणाऱ्या हाताची बोटं आतून लालसर पेटलेली दिसतात, चेहऱ्यावर खालून प्रकाश. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ चौकटीच्या मागे बल्ब लावलाय का ते वाकून बघत होते.

काही जण म्हणतात हे नाट्य आहे, चित्र साध्या उजेडात दाखवा. मी उलट म्हणेन. जलरंगात पांढरा हा कागदाचाच असतो, त्यामुळे त्या ज्योतीचा उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. त्या कागदापेक्षा खोलीतली भिंत उजळ असेल तर ज्योत विझते. हळदणकरांनी जे रंगवलं ते पाहायला आजूबाजूला अंधारच लागतो.

गेरू

@पडवी, हे उदाहरण मी वर्गात नक्की वापरणार. यात एक मोठी व्यावहारिक गोष्ट आहे, तिच्याकडे आपल्या बऱ्याच दालनांत दुर्लक्ष होतं. डोळा उजेड मोजत नाही, शेजारच्या उजेडाशी तुलना करतो. चित्रावर ५० लक्स आणि भिंतीवर, जमिनीवर, छताच्या ट्यूबलाइटमधून ३०० लक्स असतील तर चित्र मेलेलंच दिसणार. तेच ५० लक्स ठेवा, भिंत गडद रंगवा, खिडकी झाका, छताचे दिवे काढा. चित्र उजळतं आणि रंगाचं जास्तीचं नुकसान शून्य. पैसे लागतात ते भिंतीच्या रंगाचे.

आणि वाट. बाहेरच्या उन्हातून एकदम आत नेऊ नका. आधी मूर्ती आणि नाण्यांचं दालन, जिथे उजेडाचं बंधन नाही पण थोडा कमी ठेवता येतो, मग एक निमुळता बोळ, मग लघुचित्रं. रंग ओळखणाऱ्या पेशींना मंद उजेडाची सवय व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्या वाटेवर आपोआप जातो. वाटेत एक बाक ठेवला तर काकूंसारख्यांची दुहेरी सोय.

वाघूरकाठ

अजिंठ्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून काढतो. लहानपणी वडिलांबरोबर गेलो तेव्हा लेण्याच्या तोंडाशी माणसं पांढरं कापड आणि पत्रा धरून ऊन आत परतवायची. त्या उजेडात पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला, तसा नंतरच्या कोणत्याही दिव्यात दिसला नाही. उजेड हलायचा आणि चेहरा श्वास घेतोय असं वाटायचं.

इथे मात्र ५० लक्सचं गणित जसंच्या तसं लागू होत नाही. अजिंठ्याचे रंग बहुतेक माती-दगडाचे: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना, आणि निळा बाहेरून आलेला लाजवर्द. हे रंग उजेडाला पक्के. तिथला त्रास वेगळा आहे. हजारो माणसांचा श्वास आणि दमटपणा, दिव्यांची उष्णता, दिव्यांकडे येणारे किडे. आणि जुन्या उपचारांचा एक थर. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चित्रसंवर्धक चेक्कोनी यांना बोलावलं, त्यांनी सुटणारे पापुद्रे वाचवले हे खरं, पण चित्रांवर लाखेचं पातळ रोगण चढलं. त्याआधी नकला करणाऱ्यांनीही रोगण लावलंच होतं. ते पिवळं पडलं, आणि मुख्य म्हणजे चमकतं. समोरून दिवा टाकलात की चित्राऐवजी दिवाच दिसतो. म्हणून तिथे उजेड बाजूने आणि खालून, पसरट असावा लागतो. मुख्य लेण्यांत फायबर ऑप्टिक (उजेड वाहून नेणाऱ्या बारीक तारा) बसवलं त्याचं कारण असं की दिवा दूर ठेवता येतो, चित्राजवळ फक्त उजेड पोचतो.

उत्तरखिडकी

इतका वेळ सगळे दिव्यांवर बोलताहेत. सूर्यप्रकाशाची बाजू कोणीतरी घ्यायला हवी.

मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत आणि एकूणच जुन्या चित्रशाळांत उत्तरेच्या खिडकीला मान होता, कारण आपल्या अक्षांशांवर बहुतेक वर्ष तिथून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर समतोल राहतो. धुरंधर, त्रिंदाद या तिथल्या चित्रकारांच्या पिढीने रंग जुळवले ते याच उजेडात. आकाशाचा तो निळसर, भरपूर उजेड. आणि आपण त्यांची तैलचित्रं बघतो ३००० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली, जिथे निळ्या सावल्या करड्या होतात. चित्रकाराने ज्या उजेडात रंग ठरवला तो उजेड प्रेक्षकाला का नाही?

सूर्यप्रकाश सांभाळून वापरता येतो. लंडनच्या डलिच भागातल्या चित्रसंग्रहालयात वास्तुकार जॉन सोनने दोनशे वर्षांपूर्वी छताच्या उंच झरोक्यांतून उजेड घेतला. टेक्ससमधल्या किंबेल संग्रहालयात वास्तुकार लुई कानने १९७२ मध्ये कमानदार छताला माथ्यावर फट ठेवली, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमचा पंखासारखा पत्रा. ऊन पत्र्यावर आपटून सिमेंटच्या कमानीवर जातं आणि तिथून चित्रावर उतरतं, चंदेरी होऊन. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला १९३८ मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी संग्रहालय बांधलं तेव्हा नैसर्गिक उजेडाचाच विचार केला होता. राजे स्वतः चित्रकार, त्यांना चित्र कसं पाहायचं ते कळत होतं. ढग आला की दालन जरासं मंदावतं, पुन्हा उजळतं, आणि तेच चित्र तुम्ही दोनदा पाहता.

गेरू

@उत्तरखिडकी, तैलचित्रांच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. रंगसंगतीचा मुद्दा पूर्ण पटतो, तैलचित्रावर ४००० केल्विनच्या आसपासचा दिवा लावून पाहावा, पुष्कळ फरक पडतो. पण आपल्याकडचा सूर्य डलिचचा नाही. एप्रिलमधल्या झरोक्यातून येणारा उजेड पडदे, पंखे, जाळ्या लावून २००वर आणणं हे रोजचं काम आहे, आणि ते करणारा माणूस लागतो. इमारत बांधताना विचार केला असेल तर उत्तम. जुन्या वाड्याला नंतर काचेचं छत बसवून हा प्रयोग करू नये. आणि लघुचित्रं, पैठण्या, हस्तलिखितं यांना सूर्य नकोच.

दूरचा_प्रवासी

मूळ प्रश्नावर येतो. थोडे दिवस लख्ख दाखवा ही कल्पना मुंबई-पुण्याच्या माणसाला सोयीची आहे. मी गडचिरोलीच्या शाळेत शिकवतो. आमची सहल मुंबईला जाते ती तारीख एसटीची गाडी, परीक्षा आणि पैसे ठरवतात. माझ्या मुलांना संग्रहालय आयुष्यात कदाचित एकदाच दिसणार. त्या दिवशी चित्रं पेटीत आणि भिंतीवर "पुढील दर्शन जानेवारीत" अशी पाटी असेल तर ते मला मान्य नाही. त्यांना ५० लक्समध्ये दिसलं तरी चालेल, ती दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांचे डोळे चांगले आहेत. चित्र तिथे हवं.

निळावंती

+१. एडिनबराची जानेवारी तिथल्या लोकांना परवडते. आपल्याकडे संग्रहालय ही यात्रेसारखी एकदाच घडणारी गोष्ट आहे.

गेरू

@दूरचा_प्रवासी, तुमचं म्हणणं वाचून थांबलो. याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही, पण एक मार्ग सुचतो.

बऱ्याच संग्रहालयांकडे एकाच शैलीची अनेक चित्रं असतात आणि त्यातली थोडीच भिंतीवर येतात. दालन कधीच रिकामं ठेवायचं नाही. चित्रांचे चार गट करायचे, प्रत्येक गट तीन महिने. त्या तीन महिन्यांत उजेड ५०ऐवजी १५०. गुणाकार करून पाहा: १५० गुणिले ८ गुणिले ७५ दिवस म्हणजे ९०,००० लक्स-तास. वर्षभर ५०मध्ये टांगलेल्या चित्रापेक्षा हे कमीच. तुमची मुलं कधीही आली तरी त्यांना अस्सल चित्रं दिसतील, आणि नीट दिसतील. एखादं विशिष्ट प्रसिद्ध चित्र त्या दिवशी नसेल, एवढाच तोटा. लाखेच्या लालासारखे अतिनाजूक रंग असलेली चित्रं मात्र वेगळी काढावी लागतील. १५० लक्सला त्यांचे वर्षाचे १५,००० लक्स-तास साडेबारा दिवसांत संपतात, तेव्हा ती एकेका पंधरवड्यासाठी, आधी जाहीर करून.

यासाठी चित्रं वारंवार उतरवणं-चढवणं आलं आणि हाताळणीतही इजा होते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्यासाठी प्रशिक्षित माणसं हवीत. पैसा दिव्यांवर घालण्याआधी त्यांच्यावर घालावा.

दूरचा_प्रवासी

चार गटांचं पटलं. प्रसिद्ध चित्र नसेल तेव्हा त्याची चांगली छापील प्रत तिथे लावा आणि "ही प्रत आहे" असं मोठ्या अक्षरात लिहा. मुलांना खोटं दाखवलेलं आवडत नाही, प्रत म्हणून दाखवलेलं चालतं.

शाळेचा_माळा

मोठ्या संग्रहालयांचं चाललंय त्यात माझा छोटा प्रश्न. आमच्या तालुक्यातल्या जुन्या शाळेत एका माजी शिक्षकांची जलरंगातली निसर्गचित्रं आहेत, तीस-पस्तीस असतील. सध्या वऱ्हांड्यात टांगलेली. एका खोलीत नीट लावायची आहेत. बजेट फारसं नाही. काय करू?

गेरू

आधी वऱ्हांड्यातून काढा, आजच. ढगाळ दिवशीही वऱ्हांड्यात हजारो लक्स असतात.

खोली अशी निवडा जिची खिडकी झाकता येईल. जाड पडदा पुरे, काचेला काळा कागद लावलात तर आणखी चांगलं. फोनवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण ५० आहेत की ५०० एवढं त्यावर कळतं. जवळच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाकडून लक्समीटर दिवसभरासाठी मिळू शकतो. मीटर चित्राच्या पृष्ठाशी, तोंड बाहेर करून धरायचा.

दिवे छतावरून, उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात. त्याहून उभे केले तर चौकटीची सावली चित्रावर पडते, त्याहून आडवे केले तर पाहणाऱ्याची. चौकटीवर बसवायचे पितळी दिवे घेऊ नका, वरचा भाग भाजतो आणि खालचा अंधारात राहतो. काचेतली चकाकी तपासायची सोपी युक्ती: चित्र टांगायच्या आधी त्या जागी आरसा धरा आणि जिथून लोक पाहणार तिथे उभे राहा. आरशात दिवा किंवा खिडकी दिसली तर काचेतही दिसणार. समोरची भिंत गडद ठेवलीत तर काच निम्मी नाहीशी होते.

आणि दाराजवळ एक बटण. माणूस आत आला की दिवा लावायचा, गेला की बंद. शाळेच्या खोलीत दिवसाला तासभर माणसं आली तर १५० लक्स लावूनही वर्षाला ३०० दिवसांत ४५,००० लक्स-तासच होतात.

तांबडा_निळा

दिवे मी सुचवतो. पाच ते सात वॅटचे ट्रॅकवर बसणारे एलईडी, ३००० केल्विन, सीआरआय ९५, झोत साधारण २४ अंशांचा. प्रत्येक चित्राला एक लागत नाही, दोन चित्रांत एक चालतो. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) आधीच जुळतो का ते दुकानात लावून बघा, न जुळणारा एलईडी मंद केला की फडफडतो आणि पाहणाऱ्याचं डोकं दुखतं. आणि घेताना एक लाल कापड बरोबर न्या, कुंकवाच्या रंगाचं. दुकानातल्या दिव्याखाली ते विटकरी दिसलं तर तो दिवा परत ठेवा, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

शाळेचा_माळा

खूप आभार दोघांचे. खोली पाहून ठेवली आहे, उत्तरेच्या बाजूची, एकच खिडकी. चित्रांच्या मागे पुठ्ठा पिवळा पडून कागदाला चिकटल्यासारखा दिसतोय, तो मीच काढू का?

गेरू

नको, हात लावू नका. ते आम्लयुक्त पुठ्ठ्याचं काम आहे आणि कागद फाटू शकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे फोटो पाठवून सल्ला विचारा. तोवर चित्रं सपाट, कोरड्या कपाटात, एकावर एक न ठेवता, मध्ये स्वच्छ पांढरा कागद घालून ठेवा. दिवे नंतर घेतले तरी चालतील.